लसीकरण: आपापला अनुभव लिहूया (ठाणे-नवी मुंबईचे पालक)

मानपाडा, दोन मुलांची आई

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या बागेत दोन आयांची चांगलीच जुंपली. एकीच्या दीड वर्षाच्या मुलीचा गोवर-रुबेलाचा दुसरा डोस राहिलाय, कारण नवरा नको म्हणतो. दुसरी ताडकन म्हणाली, "असल्यांच्या मुलांना शाळेत घेऊच नये." पहिली रडत घरी गेली. मला रात्री झोप लागली नाही, कारण मोठ्याच्या वेळी मीही तिच्याच जागी होते.

या लसीने मूल स्वमग्न होतं असा मेसेज तेव्हा मला माझ्याच मावशीने पाठवला होता. मी चार महिने डोस लांबवला. हे सगळं कुठून सुरू झालं ते नंतर स्वतः शोधून वाचलं. १९९८ साली अँड्र्यू वेकफील्ड नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने 'लॅन्सेट' या नियतकालिकात अवघ्या १२ मुलांवरचा, गोवराच्या लसीचा स्वमग्नतेशी संबंध जोडणारा एक निबंध छापला. २०१० साली नियतकालिकाने तो मागे घेतला आणि त्याच वर्षी तिकडच्या वैद्यक परिषदेने त्याचं नाव डॉक्टरांच्या यादीतून काढलं. हे मात्र मला कुणीच फॉरवर्ड केलं नव्हतं.

म्हणून हा धागा. ऐकीव नको, तुमच्या घरात घडलेलं लिहा. ज्यांच्या मुलाला लसीनंतर त्रास झाला त्यांनी तर जरूर लिहा, इथे तुम्हाला कुणी वेड्यात काढणार नाही. आणि सक्ती असावी का, तेही सांगा.

कळवा, आजोबा

माझा जन्म १९५८ चा, सातारा जिल्ह्यातला. दोन वर्षांचा असताना तीन दिवस ताप आला आणि चौथ्या दिवशी उजवा पाय हलेना. आईने तेल लावलं, नवस केले, अंगारा लावला. पुढे पायाला आधाराचा कॅलिपर लावून शाळा केली, वागळे इस्टेटमध्ये बत्तीस वर्षं नोकरी केली. पावसाळ्यात ठाणे स्टेशनच्या जिन्यावर किती वेळा घसरलो त्याची गणती नाही.

भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला. २७ मार्च २०१४ ला आपल्याला पोलिओमुक्तीचा दाखला मिळाला. ती बातमी लागली तेव्हा मी कॅलिपर काढून, पट्ट्याने काचलेल्या जागी खोबरेल लावत बसलो होतो. नात शेजारी होती. बूथवर लावलेली शाई तिच्या डाव्या करंगळीवर तशीच होती. मी तिचं बोट बराच वेळ हातात धरून ठेवलं.

सक्तीचं विचाराल तर माझं उत्तर हो. माझ्या वेळी गावात ही लस पोचलीच नव्हती. ती असती आणि माझ्या आईला कुणी सक्ती केली असती तर बरं झालं असतं.

ऐरोली, आई

मला त्रास झालाय, म्हणून लिहिते. मुलाला दीड वर्षाचा बूस्टर दिला त्या रात्री १०३ ताप चढला. पहाटे तीनच्या सुमाराला त्याने डोळे फिरवले, दातखीळ बसली, हातपाय झटकायला लागला. दोन मिनिटंच, पण तो गेलाच असं मला वाटलं. रिक्षात मांडीवर घेऊन नेताना त्याचं डोकं इतकं गरम होतं की माझा दंड भाजत होता.

त्यानंतर जे झालं त्याचा राग अजून आहे. जिथे डोस घेतला तिथे डॉक्टर म्हणाले, "लसीचा काही संबंध नाही, तुम्ही घाबरट आहात." कार्डावर नोंदसुद्धा केली नाही. मी ठरवलं, आता एकही सुई नाही. वर्षभर त्यावर ठाम होते.

मग दुसऱ्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी मला पाऊण तास दिला. त्या म्हणाल्या, संबंध आहे. त्या बूस्टरमधल्या डांग्या खोकल्याच्या लसीत त्या जंतूची अख्खी, मारलेली पेशी असते, तिने ताप चढतो आणि या वयात काही मुलांना चढत्या तापात झटका येतो. त्या झटक्याने मेंदूला इजा होत नाही. लसीनंतरच्या अशा त्रासाची सरकारदरबारी नोंद करायची पद्धत आहे, हेही मला तेव्हाच कळलं. पाच वर्षांचा डोस त्यांनी ज्याला सगळे 'पेनलेस' म्हणतात त्या, अख्खी पेशी नसलेल्या प्रकारातला दिला. रात्रभर मी थर्मामीटर घेऊन जागी होते, काही झालं नाही.

लसीच्या बाजूने आहे मी. पण सक्ती नको. ज्यांनी माझं ऐकूनच घेतलं नाही, त्यांच्या हातात उद्या कायद्याचा दंडुका आला तर माझ्यासारखीने कुठे जायचं?

चेंदणी, आजी

आमच्या लहानपणी गोवर म्हणजे देवीचा कोपच मानायचे. कडुनिंबाचा पाला, अंधारी खोली, फोडणी बंद. माझा पाठचा भाऊ गोवरानंतरच्या न्यूमोनियाने गेला, तीन वर्षांचा. आई शेवटपर्यंत म्हणायची, माझ्याकडून काहीतरी चुकलं. तिचं काही चुकलं नव्हतं, तेव्हा लसच नव्हती.

तुर्भे, आशा कार्यकर्ती

ताई, लस नको म्हणणारे माझ्या वस्तीत फार कमी आहेत. राहिलेली मुलं बहुतेक वेगळ्याच कारणाने राहतात. बाई नाक्यावर कामाला जाते. सत्र दुपारपर्यंत, म्हणजे तिची हजेरी बुडते. रात्री पोराला ताप आला की दुसऱ्या दिवशीचीही बुडते. कुणी गावी गेलेली असते, कुणाची खोली बदललेली असते, कार्ड पावसात भिजलेलं असतं. पल्स पोलिओला घरोघरी जाऊन आम्ही दारावर खडूने खूण करतो, झालं तर पी, राहिलं तर एक्स. एक्सच्या घरी परत, परत जायचं. २०२२ च्या शेवटी गोवंडी, भिवंडीकडे गोवराची साथ आली तेव्हा चपला झिजल्या माझ्या. अशा बाईवर सक्ती करून दंड घेणार कुठून?

आणि शंका विचारणाऱ्याला मी झिडकारत नाही. मी बाटली दाखवायला सांगते. बाटलीवर एक गोल असतो, त्यात फिका चौकोन. लस उन्हात, गरम जागी राहिली की चौकोन गडद होत जातो. तो गोलाइतका काळपट झाला की बाटली बाद. लस दोन ते आठ डिग्रीत ठेवायची असते, आइसपॅकच्या डब्यातून येते. गोवर-रुबेलाची पावडर पाण्यात कालवली की चार तासांत संपवायची, उरली तर फेकायची. सुई एकदा वापरली की लॉक होते, परत भरताच येत नाही. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की बाप्या माणसंसुद्धा गप्प बसतात. टोचून झालं की अर्धा तास तिथेच बसा, हे मात्र सगळ्यांना सांगते. तेवढंच कुणी ऐकत नाही.

घणसोली, वडील

माझ्या मुलीचे सगळे डोस झालेत, हे आधी सांगतो. तरी मी सक्तीच्या विरोधात आहे. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये गोवर-रुबेलाची मोहीम आली, ९ महिने ते १५ वर्षं. तेव्हा तिच्या शाळेने संध्याकाळी चिठ्ठी पाठवली की उद्या सकाळी लस. कोणती लस, आधी दोन डोस झालेत तरी पुन्हा का, काही नाही. मी विचारायला गेलो तर "वरून ऑर्डर आहे." मोहिमेत आधीचे डोस झालेल्यांनाही का देतात याचं साधं उत्तर होतं: कुणाच्या अंगात प्रतिकारशक्ती तयार झाली नसेल तर ती या जादा डोसने होते. ते मला शाळेने नाही, मेहुणीने सांगितलं.

२०२१ साली यवतमाळ जिल्ह्यात १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं वाचली. पण अशा वेळी प्रश्न विचारणारा पालक लागतो, मुकाट्याने रांगेत उभा राहणारा नाही. सुप्रीम कोर्टानेही २ मे २०२२ च्या निकालात, कोविडच्या लसीबद्दल का होईना, कुणावर जबरदस्ती करता येणार नाही असं म्हटलंय.

खारघर, आई

घणसोलीच्या दादा, तुमचं वाचून दोन दिवस लिहू की नको करत होते.

माझ्या मुलाला चौथ्या वर्षी रक्ताचा कॅन्सर निघाला. किमो चालू असताना गोवराची लस देता येत नाही, ती जिवंत जंतूची असते. आधीच्या डोसांची ताकदही किमोने उतरते. त्या काळात आमच्या बिल्डिंगमध्ये एका मुलाला गोवर झाला. त्याला लस दिलेली नव्हती, घरच्यांनी ठरवून दिली नव्हती. गोवराचा रोगी खोलीतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत तिथल्या हवेत विषाणू राहू शकतो. हे मला कळलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर लिफ्ट आली. आम्ही नवव्या मजल्यावर राहतो. त्या दिवसापासून मी त्याला कडेवर घेऊन जिना चढले-उतरले. सलाइनच्या नळीला धक्का लागू नये म्हणून एक हात त्याच्या छातीवर. तिसऱ्या मजल्यावर थांबायचं, सहाव्यावर थांबायचं. तो विचारायचा, "आई, लिफ्ट बिघडली का?" मी हो म्हणायचे.

शंभरातल्या ९५ जणांना संरक्षण असेल तरच गोवर पसरत नाही. उरलेल्या पाचांत माझा मुलगा होता, त्याच्या मर्जीने नाही. आता तो बरा आहे, त्याचे डोस पुन्हा सुरू झालेत. इटलीने २०१७ मध्ये शाळांसाठी दहा लशी सक्तीच्या केल्या, फ्रान्सने २०१८ पासून अकरा. आपल्याकडे का नको?

घणसोली, वडील

ताई, माझ्याकडे याला उत्तर नाही. शाळेत घेताना कार्ड बघावं, राहिलेला डोस का राहिला ते बसून विचारावं, इथपर्यंत मी आलो. पोलीस आणि दंड मला अजून पटत नाही. तुमच्या मुलाला आशीर्वाद.

मानपाडा, दोन मुलांची आई

बागेतल्या त्या मैत्रिणीला मी तुर्भ्याच्या ताईंचं लिहिणं वाचून दाखवलं. तिने नवऱ्याला वाचायला दिलं. काल आम्ही तिघं आणि लेक आरोग्य केंद्रात गेलो. त्याने कागदावर सात प्रश्न लिहून आणले होते. बाहेर रांग होती, तरी सिस्टरने सातही ऐकले. बाटली उघडण्याआधी तिने ती त्याच्या हातात दिली. तो खिडकीशी गेला आणि मोबाइलचा टॉर्च लावून टोपणावरचा चौकोन बघत राहिला. मग म्हणाला, "फिका आहे." मुलीच्या उजव्या दंडात सुई गेली तेव्हा तिच्याआधी त्यानेच डोळे मिटले. अर्धा तास आम्ही बाकावर बसलो. ती त्याच्या खांद्यावर झोपून गेली.