मदत हवी आहे: पाँटून कॅटामरानचं मागचं टोक बुडतं ठेवावं की उचललेलं?

नमस्कार मंडळी. उजनीच्या फुगवट्यासाठी घरीच बांधायची कॅटामरान (दोन तरंगत्या पेट्यांवरची बोट) आखतोय. सपाट तळाचे दोन पाँटून (त्या लांबट पोकळ पेट्या), प्रत्येकी 6 मीटर लांब, 45 सेंमी रुंद. माणसं, इंजिन धरून वजन 700 किलो, म्हणजे ड्राफ्ट (पाण्याखाली बुडणारी खोली) साधारण 22 सेंमी (ब्लॉक कोएफिशंट, म्हणजे बुडालेला भाग त्याच मापाच्या चौकोनी ठोकळ्याच्या किती पट भरतो ते, 0.6 धरून).

आयएस 710 चा 6 मिमी मरीन प्लाय, तांब्याच्या तारेचे टाके, आतून सांध्यांत इपॉक्सी फिलेट (गोलसर भराव), बाहेरून ग्लास क्लॉथ. हे पक्कं आहे. अडलंय ते मागच्या टोकाशी. ट्रान्सम (मागची उभी सपाट फळी) बुडता ठेवला तर मंद वेगात त्याच्यामागे पाणी भोवरत राहतं आणि पेट्रोल फुकट जातं. तळ मागे उचलला तर पाणी स्वच्छ सुटतं, पण ताशी 11 किमीच्या आसपास शेपूट बसायला लागते, नाक वर येतं. मला नेमका 12-13 चा वेग हवाय, 9.9 एचपीवर.

दुसरं, पाँटूनमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत 1.8 मीटर. दोन्हीकडच्या लाटा मध्ये भेटतात, त्यातल्या खळग्यात प्रॉपेलर आला की हवा ओढतो. इंजिन पुढे-मागे सरकवून हे टळतं, की 20 इंची लांब शाफ्टचं इंजिनच घ्यावं?

ट्रान्समची खालची कड पाण्याला जेमतेम टेकती ठेवून कुणी बांधलं असेल तर रॉकर (तळाला लांबीत दिलेला बाक) किती सेंमी दिला आणि भार कुठे ठेवला, तेवढं जरूर सांगा.