मदत हवी आहे: उंदराचा जीएसटीए३ जीन अफ्लाटॉक्सिन पचवतो, मग माणसात ते काम कोण करतं?

नमस्कार मंडळी,

मी नागपूरला एम.व्ही.एस्सी. करतेय. ढेपेतल्या बुरशीवर सेमिनार आहे आणि एका ठिकाणी गाडी अडलीय.

विषय का घेतला ते आधी सांगते. पावसाळ्यात आपल्याकडे सरकीच्या ढेपेची पोती थेट जमिनीवर ठेवली, की तळाला ओल लागते. तळातला तुकडा फोडला तर आत हिरवट-पिवळी पूड आणि कुबट वास. ही बहुधा अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस बुरशी, आणि तिचं सगळ्यात जहाल विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन बी१. गाईने ते खाल्लं की त्याचा अंश अफ्लाटॉक्सिन एम१ या रूपात दुधात उतरतो. तेच दूध लेकरांच्या पेल्यात जातं, म्हणून मला हे नीट समजून घ्यायचंय.

आता अडलेलं. (इथे उंदीर म्हणजे माउस, रॅट नव्हे.) बी१ यकृतात गेलं की सायटोक्रोम पी४५० एन्झाइमं त्याचं इपॉक्साइड (इतर रेणूंना चटकन चिकटणारं रूप) करतात, आणि ते डीएनएतल्या ग्वानिन या घटकाला चिकटतं. उंदराच्या यकृतातही इपॉक्साइड भरपूर बनतं, तरी तो तगतो आणि रॅटला मात्र यकृताचा कॅन्सर होतो. कारण उंदराच्या यकृतात जीएसटीए३ जीनचं एन्झाइम कायम तयार असतं (जीएसटी म्हणजे ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज, ‘ए’ म्हणजे त्यातला अल्फा गट). ते इपॉक्साइडला ग्लुटाथायोन हा पेशीतला छोटा रेणू जोडून त्याची धार घालवतं. २०१० मध्ये हा जीन काढलेल्या उंदरांवरचा प्रयोग छापून आला. साध्या उंदरांना झेपणाऱ्या मात्रेने ते दगावले, आणि त्यांच्या डीएनएची हानीही कितीतरी पट जास्त होती.

पण जीएसटीए३ नावाचा जीन माणसातही आहे! मग आपल्याला हे विष इतकं का बाधतं? आणि उंदराची नवजात पिल्लं याच विषाला का बळी पडतात? कुणी समजावेल का?

पेशीकेंद्र:
ताई, नावावर जाऊ नका. माणसातला जीएसटीए३ यकृतात नगण्य असतो. तो अंडाशय, वृषण, अ‍ॅड्रिनल अशा स्टेरॉइड बनवणाऱ्या ऊतींत असतो आणि तिथे त्याचं काम निराळंच आहे. आपल्या यकृतातले अल्फा गटाचे जीएसटी या इपॉक्साइडपुढे फारच मंद. जीएसटीएम१ हा दुसऱ्या गटातला जीएसटी थोडाफार हातभार लावतो, पण कित्येक माणसांत तो जीनच नसतो. १९७४ मध्ये गुजरात-राजस्थानातल्या पंचमहाल-बांसवाडा भागात बुरशी लागलेला मका खाऊन माणसं दगावली, ती याच विषाने.

पिल्लांचं उत्तर सरळ आहे: जन्मल्यावर त्यांच्या यकृतात हे एन्झाइम फार कमी असतं, वाढीबरोबर ते चढतं. सेमिनारला रॅटही जरूर घ्या. त्याच्यात हेच काम करणारा जीएसटीए५ जीन आहे, पण एरवी तो दबलेला असतो. इथॉक्सिक्विन किंवा ओल्टिप्राझ यांसारखं रसायन दिलं की तो जागा होतो आणि रॅटही विषाला तोंड देतो. माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे, कारण जीन असणं आणि तो वेळेवर चालू असणं यातला फरक इथे डोळ्यांनी दिसतो.

प्रश्नकर्ती:
मनापासून आभार दादा, मोठा गुंता सुटला. म्हणजे उंदराच्या आकड्यांवरून माणसाची सुरक्षित मात्रा ठरवली तर धोका कमी लेखला जाईल, बरोबर ना? आपल्याकडे दुधात एम१ ची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे. त्यामुळे पुढचा प्रश्न गाईचा. तिच्या यकृतातलं कोणतं जीएसटी या इपॉक्साइडवर काम करतं, यावर कुणी काम केलंय का? गाय नसेल तर म्हैस किंवा शेळीही चालेल.