जीनएक्स्पर्ट निगेटिव्ह आली तरी

जीनएक्स्पर्ट म्हणजे टीबीच्या जंतूंचा डीएनए शोधणारी चाचणी. 'जीनएक्स्पर्ट निगेटिव्ह, म्हणजे मेंदूज्वर टीबीचा नाही' असं म्हणणं धोक्याचं आहे. पाठीतल्या पाण्यात (मेंदू-मणक्याभोवतीचा द्रव, जो पाठीत सुई घालून काढतात) टीबीचे जंतू मुळातच विरळ. त्यात नमुना दोन मिली पाठवला तर सापडणार काय? मोठ्या माणसात निदान 6 मिली काढावं आणि त्याच वेळी रक्तातली साखरही तपासावी. पाण्यातली साखर तिच्या निम्म्याहून कमी, प्रोटीन वाढलेलं, लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त आणि ताप-डोकेदुखी आठवडाभर रेंगाळलेली असेल, तर रिपोर्टची वाट न बघता टीबीची औषधं सुरू करतात. सोबत डेक्सामेथासोन हे सूज कमी करणारं स्टेरॉइड, सहा ते आठ आठवड्यांत हळूहळू कमी करत. उपचार चालू असताना उलट्या किंवा गुंगी वाढली तर मेंदूत पाणी साचलंय का, हे त्याच दिवशी सीटी स्कॅन करून बघावं.