मदत हवी आहे: अतिवृष्टीच्या यादीत नाव आहे, पैसे आले नाहीत

कळवा_नाका:
गावाला परतीच्या पावसात भात गेलं. कापून खाचरात पसरलेलं, चार दिवस पाण्यात राहिलं, लोंब्यांना कोंब फुटले. पंचनामा झाला, यादीत नाव आहे, केवायसीही झाली. शेजारच्या खाचरवाल्याचे पैसे जमा झाले, आमचे नाहीत. बाबा दर दोन दिवसांनी पासबुक भरून आणतात. मला सारखी सुट्टी काढून जाता येत नाही. लवकर सांगा.

भातखाचर:
तालुका कुठला? क्षेत्र किती? केवायसी कुठे केली?

कळवा_नाका:
शहापूर. साठ गुंठे. केवायसी बँकेत केली.

भातखाचर:
तिथेच चुकलं. बँकेची केवायसी वेगळी, मदतीची ई-केवायसी वेगळी. यादीत नावापुढे विशिष्ट क्रमांक असतो, तो आणि आधार कार्ड घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात अंगठा द्यायचा.

ऐरोली_सेक्टर८:
फार्मर आयडी (शेतकऱ्याचा सरकारी ओळख क्रमांक) असेल तर ई-केवायसी लागत नाही. 2025 च्या ऑक्टोबरातच ती अट शिथिल केली. उगाच अंगठ्याला पळवू नका.

भातखाचर:
त्यांच्याकडे आयडी आहे की नाही हे आधी विचारा. माझ्या मामांचा अंगठा तर अर्धा तास उमटत नव्हता. आयुष्यभर चिखलात राबून बोटांवरच्या रेषाच गेल्यात. शेवटी ओटीपीवर झालं.

कोपरी_पूर्व:
72 तासांत विमा कंपनीला कळवलं होतं का? नसेल तर विसरा.

भातखाचर:
ते पीकविम्याचं, तेही 2025 च्या आधीचं. इथे सरकारी मदतीचं चाललंय, विमा काढलेला नसला तरी ती मिळते.

वाशीकर_७१:
जिरायतीला 2025 चा दर हेक्टरी 8,500. साठ गुंठ्यांचे 5,100 होतात. एवढ्यासाठी नोकरीच्या सुट्ट्या घालवण्यापेक्षा जमीन प्लॉटिंगला द्या, तिकडे भाव चांगला आलाय.

कळवा_नाका:
जमीन विकायची का हे मी विचारलेलं नाही. 5,100 म्हणजे आमचं पुढच्या हंगामाचं बियाणं आणि खत.

नौपाडा_मावशी:
बाळा, यादीत नाव नक्की कोणाचं आहे? बाबांचं?

कळवा_नाका:
आजोबांचं. सातबारा त्यांच्याच नावावर आहे.

नौपाडा_मावशी:
आणि आजोबा?

कळवा_नाका:
2022 ला गेले. खाचर बाबाच करतात, म्हणून ते लिहायचं सुचलं नाही.

नौपाडा_मावशी:
मग अंगठा कोण देणार? बाबांच्या नावावर सातबारा नाही, म्हणजे या जमिनीवर त्यांचा फार्मर आयडीही निघणार नाही. आधी वारस नोंद करून घ्या. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं आणि पत्ते घेऊन तलाठ्यांकडे अर्ज द्या, ई-हक्क या सरकारी पोर्टलवरून घरबसल्याही करता येतो. फेरफाराच्या नोटिशीचे 15 दिवस जातात. 2025 च्या एप्रिलपासून जिवंत सातबारा मोहीम निघाली ती याचसाठी, तेव्हाच करून घ्यायला हवं होतं. आणि या वेळच्या पैशांसाठी बाकीच्या वारसांचं संमतीपत्र द्या, की रक्कम बाबांच्या खात्यात टाकावी. आमच्याकडे दिरांचं असंच झालं होतं.

ऐरोली_सेक्टर८:
बाबांचं खातं आधारला जोडलेलं आहे ना तेही बघा. पैसे आधारवरूनच येतात.

कळवा_नाका:
जोडलेलं आहे. वारस म्हणजे बाबा, एक काका आणि आत्या. काका दिघ्याला राहतात, आज रात्रीच जातो. आत्या मात्र सुरतेला असते, तिला सहीसाठी यावंच लागेल का? आणि संमतीपत्र साध्या कागदावर चालतं की स्टॅम्पपेपर लागतो?