वाघूर धरणावर पहिल्यांदाच गळ घेऊन जातोय, कुठं बसावं, काय न्यावं?

पांझराकाठ (धुळे)
नमस्कार मंडळी. याच फेब्रुवारीतल्या एका रविवारी वडिलांना घेऊन वाघूर धरणावर गळ टाकायला जायचा विचार आहे. नाना 71 वर्षांचे. उभं आयुष्य पांझरेच्या डोहांवर आणि नकाण्याच्या तलावावर वेळूची काठी घेऊन बसले. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दोन वर्षं काठी माळ्यावर पडून आहे. धाकटा भाऊ जळगावला राहायला गेलाय, त्याच्याकडे जायचं ठरलं तर नाना स्वतःच म्हणाले, "वाघूरवर जाऊ का रे एक दिवस?" दोन वर्षांत त्यांनी पहिल्यांदा काही मागितलंय, म्हणून तो दिवस वाया जाऊ द्यायचा नाही.

माझा अनुभव म्हणाल तर लहानपणी त्यांना गांडुळं खणून द्यायचो, तेवढाच. वाघूर आम्ही दोघांनीही पाहिलेलं नाही. नानांना उतार जमत नाही. कोणत्या जागी बसावं, आमिष काय, परवानगी लागते का, वेळ कोणती धरावी? मासा मोठाच पाहिजे असं नाही. दोऱ्यावरचं तरंगतं बूच दोन-चारदा बुडालं पाहिजे, बस.

वाघूरवाला
आधी परवानगीचं. धरणातली मासेमारी ठेक्यानं मच्छीमार संस्थेकडे असते आणि माशांचं बीज त्यांनी पदरचे पैसे घालून सोडलेलं असतं. एकदा दुसऱ्या एका तलावावर मी न विचारता बसलो होतो. संस्थेचा माणूस होडीतून आला, आवाज न चढवता म्हणाला, "भाऊ, तुमच्या वावरात कोणी न सांगता उतरलं तर?" मला फार लाजल्यासारखं झालं. तेव्हापासून आदल्या संध्याकाळी जाऊन विचारतो, जो काही दर असेल तो देतो. वडिलांना बसायचंय म्हणून सांगा, जागासुद्धा तेच दाखवतील. भिंतीजवळ आणि सांडव्याकडे जाऊ नका. जळगाव शहर हे पाणी पितं, तेव्हा उरलेलं आमिष, पिशव्या सगळं परत घेऊन या.

शिरपूरकर
एवढी विचारपूस करण्यापेक्षा अनेर धरणावर या की. शांत आहे, गर्दी नाही.

यावलची लेक
शिरपूरकर दादा, अनेर अभयारण्य आहे, 1986 पासून. तिथं गळ टाकणं वन्यजीव कायद्यात बसत नाही. म्हाताऱ्या माणसाला घेऊन वनखात्यापुढं उभं राहायची वेळ कोणावर यायला नको.

शिरपूरकर
बरोबर आहे ताई, माझं चुकलं. पांझराकाठ, माझा सल्ला सोडून द्या.

तापीकाठ (भुसावळ)
भाऊ, मी तीस वर्षं हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला गळ टाकतोय. वाघूरवर सात-आठ वेळाच बसलो असेन. अनोळखी पाण्यावर माझं एकच सांगणं असतं. पहिला अर्धा तास काठी पिशवीतून काढूच नका. मन्हा आबा म्हने, "पहिले पानी देख, मंग गय टाक."

काय देखायचं, तर पहिला वारा. सकाळपासून तो ज्या काठाला जाऊन थडकतोय तिथं पाण्यावरचे किडे, कचरा गोळा होतो आणि मागोमाग मासा येतो. वारा तोंडावर घ्यावा लागतो, तरी बसायचं तिथंच. मग बुडबुडे बघा. एका जागी मोठाले दोन-चार येऊन थांबले तर तो नुसता गाळातला वायू. मोहरीएवढे बारीक, रांगेनं पुढं पुढं सरकत असतील आणि पाणी तिथं जरा गढूळ दिसत असेल तर खाली सायप्रिनस (कॉमन कार्प मासा) तोंडानं गाळ उकरतोय. काठाजवळ हातभर पाण्यात ताटाएवढे गोल खड्डे दिसले तर ती चिलापीची (तिलापिया माशाची) घरं. तिथं गांडूळ लावलं की बूच स्वस्थ राहत नाही. नानांचा हात मोकळा व्हायला सुरुवात तिथूनच करा.

काठावर पाण्याच्या वर ताज्या ओल्या मातीचा पट्टा दिसला तर आवर्तन सुटलंय, म्हणजे धरणातून पाणी सोडलंय आणि ते उतरतंय असं समजा. तेव्हा मोठा मासा उथळाला यायला कचरतो, गळ लांब टाकावा लागतो. बुडालेल्या बाभळीची खोडं दिसली तर मासा त्यांच्या आडोशाला असतोच, पण तंगूस (गळाचा नायलॉन दोरा) अडकून तुटतो. खोडापासून दोन काठ्या अलीकडे राहा.

खोली मोजल्याशिवाय आमिष लावू नका. दोऱ्याला जड शिसं बांधून टाका. बूच पाण्याखाली गेलं तर ते वर सरकवा, आडवं पडलं तर खाली घ्या. टोक जेमतेम वर राहिलं की तळ सापडला. मृगळ आणि सायप्रिनस तळाशी चरतात, रोहू मधल्या पाण्यात, कटला वरच्या. तुम्ही तळच धरा. फेब्रुवारीत पहाटे पाणी गार असतं, मासा सुस्त. नऊ ते बारा बसा, मग जेवण आणि सावली, पुन्हा चार ते दिवस मावळेपर्यंत.

एक गोष्ट फार जपा. पाणी उतरल्यावर काठाचा गाळ वरून सुकतो, भेगा पडतात, अगदी पक्का वाटतो. आत पाय गुडघ्यापर्यंत जातो. नानांना मुरमाड किंवा खडकाळ काठावरच बसवा, मग तिथं मासा कमी लागला तरी चालेल.

यावलची लेक
आमिषाचं मी सांगते, घरी वडिलांना मीच करून द्यायची. कणीक दोन वाट्या, भुईमुगाची पेंड तव्यावर वास सुटेपर्यंत भाजून एक वाटी, चिमूटभर हिंग आणि एक पूर्ण पिकलेलं केळं. पाणी घालायचंच नाही, केळ्यातच मळायचं. मग सरकी काढलेला कापूस चिमटीत घेऊन बारीक पिंजायचा आणि गोळ्यात मळून टाकायचा. त्या धाग्यांनी गोळा गळाला धरून राहतो, नाहीतर पाण्यात पडल्यावर मिनिटात विरघळतो. चिलापीला हरभऱ्याएवढा, रोहू-सायप्रिनसला बोराएवढा. त्याच पिठाचे लिंबाएवढे तीन-चार गोळे कापूस न घालता आधी पाण्यात टाका आणि नंतर गळ तिथंच पडू द्या.

पाठ टेकता येईल अशी खुर्ची, छत्री आणि भरपूर पाणी न्या. तुटलेला तंगूस काठावर सोडू नका. एका बगळ्याच्या पायात तो गुंतलेला मी पाहिलाय, पाय सुजून काळा पडला होता.

वाघूरवाला
कापसाची युक्ती मलाही नवीन. ताई, धन्यवाद.

पांझराकाठ (धुळे)
मंडळी, जाऊन आलो. शनिवारी संध्याकाळी संस्थेच्या लोकांना भेटलो. त्यांनी मुरमाड काठ दाखवला, गाडी जवळपर्यंत गेली. एकच अट घातली, वीतभर रोहू-कटला लागला तर परत सोडायचा.

तापीकाठ भाऊ, तुमचा अर्धा तास मी नानांना सांगितलाच नाही. ते खुर्चीत बसले, काठी मांडीवर आडवी घेतली आणि कितीतरी वेळ पाण्याकडे बघत राहिले. मग बोट करून म्हणाले, "ते बारीक बुडबुडे दिसतात का?" मला दिसत नव्हते. त्यांनी माझी मान धरून वळवली, तेव्हा दिसले.

दुपारपर्यंत पाच चिलापी. साडेचारला बूच बुडालं नाही, ते आडवं होऊन सरकायला लागलं. नानांनी झटका दिला नाही, काठी नुसती उचलून धरली आणि दहा मिनिटं दोरा देत-घेत राहिले. सव्वा किलोचा सायप्रिनस निघाला. त्यांचा हात थरथरत होता, पण काठी मला दिली नाही.

वहिनीनं काळ्या मसाल्यात कालवण केलं. परतताना एरंडोलपासून पारोळ्यापर्यंत नाना एकच सांगत होते, गोळ्यात कापूस अजून थोडा पाहिजे होता. आता त्यांना हतनूर बघायचंय. तापीकाठ भाऊ, पूर्णा नदीचा गाळ तिकडं फार आहे म्हणतात. गुडघ्याच्या माणसाला बसता येईल असा पक्का काठ कोणत्या गावाकडून आहे?