पहिलं कंपाउंड धनुष्य: सराव आणि शिकार दोन्हींसाठी काय पाहून घ्यावं?

नेमबाज_नवा
नमस्कार मंडळी. पहिलं कंपाउंड (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) घ्यायचंय. सध्या 30 पौंडी रिकर्व्ह (चाकं नसलेलं, टोकं पुढे वळलेलं धनुष्य) चालवतो. मुख्य वापर 20 ते 40 मीटरवर सरावाचा, आणि परवाना मिळाला की हरणाच्या शिकारीलाही हेच धनुष्य चालावं. दोन घेणं जमणार नाही. उंची 5 फूट 9 इंच, दोन्ही हात पसरल्यावर बोटांच्या टोकांमधलं अंतर 70 इंच. हात उजवा, पण प्रबळ डोळा डावा. जाहिरातींत 340 फूट प्रति सेकंद, 70 पौंड असले आकडे असतात. त्यातलं नेमकं काय बघायचं?

प्रत्यंचा
वेग सगळ्यात शेवटी बघा. तो आकडा 70 पौंड ड्रॉ वेट (दोरी ओढायला लागणारा जोर), 30 इंच ड्रॉ लेंथ (दोरी किती मागे येते ते अंतर) आणि 350 ग्रेनचा (ग्रेन हे बाण तोलायचं छोटं एकक) हलका बाण धरून काढलेला असतो. तुमची लेंथ कमी, पौंड कमी, बाण जड. म्हणजे त्यातले साठेक फूट तुमच्या हातात येईपर्यंत गळालेच म्हणून समजा.

खरी निवड ड्रॉ लेंथची. पसरलेल्या हातांच्या 70 इंचांना 2.5 ने भागा, 28 इंच येतात. हा नुसता अंदाज झाला, पण सुरुवातीला पुरतो. रिकर्व्हवर थोडं कमीजास्त ओढलं तरी निभतं. कंपाउंडचा कॅम (टोकावरचं चाक) मात्र ठरलेल्या जागी येऊन अडतो, तिथे शरीराने जुळवून घेण्याला वाव नसतो. लेंथ जास्त असेल तर मान मागे कलते, पुढचा हात कोपरात ताठ अडकतो आणि सुटलेली दोरी कोपराखाली सणसणीत बसते. बहुतेक नवशिके लेंथ जास्तच घेतात, कारण डी-लूप (दोरीवरचा छोटा फास) आणि रिलीज (त्यात अडकवून दोरी सोडायचं उपकरण) यांमुळे हात आणखी मागे जातो हे हिशेबात धरलेलं नसतं. शंका असेल तर 27.5 वर लावा. मॉड्यूल (कॅमवरचा सुटा भाग) फिरवून लेंथ बदलता येईल असाच कॅम घ्या, म्हणजे दर वेळी बो-प्रेस (धनुष्य दाबून दोरी सैल करायचं यंत्र) शोधत फिरावं लागणार नाही.

ड्रॉ वेटसाठी 50-60 पौंडाचे लिंब (धनुष्याच्या वाकणाऱ्या भुजा) घ्या आणि 50 वर सुरू करा. लेट-ऑफ (पूर्ण ओढल्यावर कमी होणारा भार) 80 टक्के असेल तर पूर्ण ओढल्यावर हातात फक्त 10 पौंड उरतात. पण ते ओढण्यातला सगळ्यात जड टप्पा ओलांडल्यावर. परीक्षा अशी: खुर्चीवर बसा, पाय जमिनीवरून उचला आणि धनुष्य आकाशाकडे न नेता सरळ समोर ओढा. जमलं नाही तर वजन जास्त आहे. थंडीत, तासभर न हलता बसल्यावर शिकाऱ्याला नेमकं असंच ओढावं लागतं.

मापांचं थोडक्यात: एका कॅमच्या एक्सलपासून (आसापासून) दुसऱ्यापर्यंत 32 ते 34 इंच, ब्रेस हाइट (न ओढलेल्या दोरीपासून मुठीपर्यंतचं अंतर) 6.5 ते 7 इंच. ब्रेस हाइट 6 च्या आसपास असेल तर वेग वाढतो, पण बाण दोरीवर जास्त वेळ राहतो आणि तेवढ्या वेळात हाताची प्रत्येक चूक त्यात उतरते.

सव्यसाची
डोळ्याचा प्रश्न राहिला, आणि तो आधी सोडवायला हवा. रायझर (धनुष्याचा मुठीचा मधला भाग) उजवा किंवा डावा असतो, नंतर बदलता येत नाही. दोन्ही तळव्यांच्या मधल्या छोट्या फटीतून लांबची एखादी वस्तू पाहा आणि हात हळूहळू चेहऱ्याकडे आणा. फट ज्या डोळ्यावर येते तो प्रबळ. डावाच ठरला तर डावखुरं धनुष्य घ्या, म्हणजे धनुष्य उजव्या हातात, दोरी डाव्या. पीपमुळे (दोरीत बसवलेल्या बघायच्या भोकामुळे) डावा डोळा मिटून उजव्या बाजूने मारता येतं हे खरं. पण पहाटेच्या अंधुक उजेडात दोन्ही डोळे उघडे असलेले बरे.

ड्रॉ वेटबाबत मात्र प्रत्यंचांशी असहमत. 15 ते 70 पौंडांपर्यंत फिरणारी धनुष्यं मिळतात. रिकर्व्हवरून येणाऱ्याने तेच घ्यावं, 40 पासून चढत जावं.

प्रत्यंचा
वाढत्या वयाच्या मुलासाठी तेच घ्यायला सांगेन. पण इतका मोठा पल्ला सांभाळायचा तर कॅम मवाळ ठेवावा लागतो, आणि त्याच पौंडात बाण हळू जातो. 30 पौंडी रिकर्व्हवर पूर्ण ताण धरून ठेवणाऱ्याला 50 पौंडी कंपाउंड जड जाऊ नये. खुर्चीच्या परीक्षेत नापास झालेच तर तुमचा सल्ला मान्य.

ड्रॉ वेट उतरवताना वरचा आणि खालचा लिंब बोल्ट सारखेच फिरवा. एका पूर्ण फेऱ्याला साधारण 2 ते 3 पौंड. किती फेरे चालतात ते माहितीपुस्तिकेत असतं. त्यापलीकडे सैल केले तर लिंब खोबणीतून निसटून उडू शकतो.

शरसंधान
सगळे धनुष्यावर बोलताय, बाणाचं काय? स्पाइन हे बाणाच्या काठीच्या कडकपणाचं माप. स्पाइन 500 म्हणजे 28 इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर ठेवून मधोमध 1.94 पौंड टांगल्यावर काठी 0.500 इंच वाकते. आकडा लहान तितकी काठी कडक. बाण लांब घेतला किंवा टोक जड लावलं की तीच काठी सुटताना जास्त वाकते. तुमच्या लेंथला 50 ते 55 पौंडांवर बहुधा 400 स्पाइन बसेल, पण उत्पादकाच्या तक्त्यात लांबी, पौंड आणि टोकाचं वजन तिन्ही घालून बघा. शंका असेल तर कडक काठी घ्या. फार मऊ काठी सुटतानाच मोडण्याचा धोका असतो.

बाणाचं वजन ड्रॉ वेटच्या पौंडामागे किमान 5 ग्रेन. त्याखाली गेलात तर ते जवळपास रिकामी दोरी सोडल्यासारखंच. शिकारीला 7 ते 8 ग्रेन धरा. ऊर्जा अशी काढा: ग्रेनमधलं वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले 450240. 400 ग्रेनचा बाण सेकंदाला 230 फुटांनी गेला तर 47 फूट-पौंड. हरणाला 40 च्या आसपास पुरे म्हणतात, म्हणजे 70 पौंडांची गरजच नाही. किमान ड्रॉ वेटचा नियम मात्र परवान्याबरोबर तपासा.

कार्बनची काठी प्रत्येक वेळी हलकेच वाकवून, कानाशी धरून बघा. करकर ऐकू आली तर ती फेका. तडकलेली काठी सुटताना फुटते आणि तिचे तुकडे धनुष्य धरलेल्या हातात घुसतात.

नेमबाज_नवा
उत्तम माहिती, आभार. डावखुरं पाहतो. आणखी दोन शंका. सगळं जोडून मिळणारा संच घ्यावा का? आणि ब्रॉडहेड (शिकारीची पात्यांची टोकं) फील्ड पॉइंटपेक्षा (सरावाच्या साध्या टोकांपेक्षा) वेगळीकडे लागतात असं वाचलं, ते का?

सव्यसाची
संच घ्या. त्यातली साइट (नेम धरायची पिन असलेला भाग) आणि रेस्ट (बाण टेकवायचा आधार) वर्षभर चालतात. रेस्ट ब्रशवाली असेल तर शिकारीत बाण खाली पडत नाही, नवशिक्याला तीच बरी. रिलीज मात्र संचात असली तरी स्वतः निवडा. मनगटाची पट्टेवाली सोपी. ओढताना बोट ट्रिगरच्या मागे ठेवा. अर्ध्यात सुटलं तर बाण भलतीकडे जातो किंवा स्वतःचीच मूठ तोंडावर बसते. आणि दुकानात कुणी हातात दिलं तरी बाण न लावता कधीच सोडू नका. सगळी ऊर्जा लिंब आणि कॅममध्ये जाते, दोरी घसरते, लिंब चिरतो. चूक झालीच तर तपासून घेतल्याशिवाय पुन्हा ओढायचं नाही.

पीप बसवताना डोळे मिटून ओढा, नेहमीच्या जागी हात टेकवा, मग डोळे उघडा. पीपमधून साइटचं वर्तुळ बरोबर मधोमध दिसलं पाहिजे. पीप शोधायला मान हलवावी लागत असेल तर पीप सरकवा, मान नाही.

शरसंधान
ब्रॉडहेडच्या पात्यांवरही हवा काम करते, त्यामुळे बाण जरा जरी तिरका सुटला तरी पुढचं टोक त्याला आणखी वळवतं. फील्ड पॉइंट ही चूक झाकतो. म्हणून आधी कागद फाडून बघा: ताणलेल्या कागदामागे निशाण, अंतर 2 मीटर. टोकाच्या भोकाच्या वर शेपटीची फट दिसली तर रेस्ट किंचित वर घ्या किंवा नॉक पॉइंट (दोरीवर बाण अडकवायची जागा) खाली. खाली दिसली तर उलट.

मग 20 मीटरवर दोन्ही टोकांचे तीन-तीन बाण मारा. ब्रॉडहेड डावीकडे लागत असतील तर रेस्ट उजवीकडे, एका वेळी 1/32 इंच. दोन्ही गट एकत्र येईपर्यंत साइटला हात लावू नका. एकत्र आले की मगच साइट, आणि तिचा नियम सोपा: बाण ज्या बाजूला जातात त्याच बाजूला पिन सरकवा. सरावाची पाती वेगळी ठेवा, शिकारीची धार निशाणावर घालवू नका. निशाण फोमचं घ्या, कापडी पिशवीतून ब्रॉडहेड निघत नाहीत.