प्रमाणपत्रांपेक्षा स्कूल प्रोफाइल बघा

'एनजीओची आठ-दहा प्रमाणपत्रं जोडली की अमेरिकेतल्या कॉलेजांवर छाप पडते' असं या चर्चेत कुणीतरी म्हटलंय, ते काही पटलं नाही. कॉमन ॲपमध्ये (तिथल्या अनेक कॉलेजांसाठी चालणारा एकच ऑनलाइन अर्ज) उपक्रमांच्या रकान्यात जागाच १०, आणि प्रत्येकाच्या वर्णनाला जेमतेम १५० अक्षरं. त्यात घरच्या जबाबदाऱ्या असाही स्वतंत्र प्रकार आहे. आजीचं पथ्यपाणी सांभाळणाऱ्या मुलीने ते बिनधास्त लिहावं. (अंधेरी-बांद्र्याचे कन्सल्टंट हे सांगत नाहीत, त्यात त्यांना काय मिळणार!)

इथे कुणी स्कूल प्रोफाइलचा विषयच काढलेला नाही. मार्कांसोबत मुलाच्या इथल्या शाळेने किंवा ज्युनिअर कॉलेजने स्वतःची माहिती पाठवायची असते: बोर्ड कुठलं, विषय कोणते, मुलांना साधारण किती टक्के पडतात. अर्ज वाचणारे मुलाचे मार्क त्या पार्श्वभूमीवर तोलतात. आयबी (आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या) शाळांत हे तयार असतं. भाचीच्या परळकडच्या ज्युनिअर कॉलेजात मात्र ऑफिसमध्ये कुणाला हा प्रकारच माहीत नव्हता. शेवटी उपप्राचार्य बाईंसोबत बसून आम्हीच मसुदा केला, त्यांनी तपासून लेटरहेडवर दिला. एचएससीवाल्यांनी हे काम दिवाळीच्या सुट्टीआधी उरकावं, नंतर सही-शिक्क्याला माणूस सापडत नाही.